गाडीचे पाणी जाते कोठे?

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याकडून साताऱ्याला येणाऱ्या प्रवाशाला खंबाटकी घाटातील एक दृश्य चांगले परिचयाचे असते. रस्त्याच्या कडेला गाडी उभी असते, बॉनेट उघडलेले असते, आतून वाफ येत असते आणि गाडीतील मंडळी सावली शोधत असतात. ड्रायव्हर कोठून तरी डबाभर पाणी आणतो, ओततो, आणि गाडी पुढे निघते. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट असो, साताऱ्याहून कासकडे जाणारा यवतेश्वरचा घाट असो, की चिपळूणहून पाटणकडे येणारा कुंभार्ली घाट असो, उन्हाळ्यात हा प्रकार कोठेही दिसावा. डबाभर पाणी ओतले की काम झाले, असे आपण धरून चालतो. वास्तविक खरा प्रश्न तेथून सुरू होतो. पाणी ओतावे लागले, याचा अर्थ आधीचे पाणी कोठे तरी गेले. ते कोठे गेले हे शोधण्याची रीत कोणती, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

कला महाविद्यालयाच्या नियतकालिकात हा यंत्राचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, तर्कशास्त्राच्या तासाला आपण अनुमान, कार्यकारणभाव, हेत्वाभास हे शब्द पाठ करतो. ते शब्द कामाला लागलेले पाहावयाचे असतील तर एखाद्या चांगल्या मेकॅनिकच्या शेजारी दोन तास उभे राहावे. तो मिलचे नाव घेत नाही, पण मिलच्या पद्धतीने विचार करतो. आणि जो तसा विचार करीत नाही, तो गिऱ्हाइकाच्या खर्चाने एकामागून एक भाग बदलीत राहतो.

पाणी कशासाठी?

इंजिनात इंधन जळते तेव्हा ज्वालेचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते. इंजिनचे हेड आज बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. म्हणजे उष्णता सतत काढून नेली नाही, तर इंजिन स्वतःच्याच आगीत नष्ट व्हावयाचे. इंधनातून निघणाऱ्या उष्णतेचे ढोबळमानाने तीन वाटे पडतात. एक वाटा चाके फिरवतो, दुसरा सायलेन्सरच्या वाटेने बाहेर जातो आणि तिसरा वाटा पाण्याला वाहून न्यावा लागतो. मोटारसायकलच्या इंजिनला बाहेरून पात्या असतात आणि वारा लागून ते निवते. मोटारीचे इंजिन बॉनेटखाली झाकलेले असल्यामुळे तेथे पाणी लागते.

हा खटाटोप मोटारीइतकाच जुना आहे. कार्ल बेंझ यांच्या पहिल्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जात असे आणि पुनःपुन्हा भरावे लागे. १८८८ साली त्यांची पत्नी बर्था बेंझ त्या गाडीतून जर्मनीतील मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या, तेव्हा त्यांनाही वाटेत जागोजागी पाणी घ्यावे लागले. मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवासही पाण्याचा डबा शोधतच झाला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. तेव्हापासून तेच पाणी निववून पुन्हा इंजिनात फिरविण्याची पद्धत रुळली.

हे पाणी फिरते कसे? इंजिनच्या भिंती दुहेरी असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत पाणी खेळते. एक लहानसा पंप ते पुढे ढकलतो. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि पुढे पंपांसाठी गाजली. कृष्णाकाठच्या मळ्यांना पाणी देणारे तिथले पंप आणि मोटारीतला हा पंप एकाच जातीचे: पाते फिरते, मधून पाणी घेते आणि कडेने फेकते. तापलेले पाणी वरच्या रबरी पाइपने रेडिएटरमध्ये जाते, बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने निवते आणि खालच्या पाइपने परत येते. वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा एक दरवान असतो. इंजिन थंड असेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि साधारण ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास ती उघडू लागतो. गाडी उभी असताना वारा नसतो, म्हणून पंखा. जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरचा पंखा पट्ट्यावर फिरे. आजच्या गाड्यांत तो विजेवर चालतो आणि गरज लागली की आपोआप सुरू होतो.

झाकणाचे महत्त्व

या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे झाकण. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. आपण जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि दर तीनशे मीटरना उकळण्याचा बिंदू अंदाजे एका अंशाने उतरतो. सांगलीची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे तेथे पाणी ९८ अंशांना उकळते. पाचगणी-महाबळेश्वर तेराशे मीटरच्याही वर, म्हणजे तेथे ते पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळू लागते. ज्या ठिकाणी चढ सर्वांत अवघड, त्याच ठिकाणी पाणी सर्वांत लवकर उकळावे, ही निसर्गाची थट्टाच होय.

तिच्यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे: प्रेशर कुकर. कोंडून दाब वाढविला की पाणी अधिक तापूनही उकळत नाही. रेडिएटरच्या झाकणात कुकरच्या शिटीसारखीच स्प्रिंग असते. झाकणावर ०.९ असा आकडा असेल, तर बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार इतका अधिक दाब ते धरून ठेवते आणि साधे पाणीसुद्धा मग ११५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. त्यात अर्ध्यास अर्धे कूलंट, म्हणजे ग्लायकॉलचे द्रव असेल, तर ही मर्यादा आणखी वर जाते. स्प्रिंग सैल पडली किंवा रबरी चकती चिरली, की हा सारा फायदा गेला. गाडी गावात नीट चालते आणि घाटात उकळते, त्याचे कारण कित्येकदा एवढेच असते.

आधी कोण?

आता निदानाकडे वळू. ताप हा रोग नव्हे, ते लक्षण आहे, असे डॉक्टर सांगतात. गाडीचेही तसेच आहे. पण येथे एक गुंता असतो. पाणी कमी झाले म्हणून गाडी तापली, की गाडी तापली म्हणून पाणी उकळून गेले? दोन्ही वेळी शेवटी दिसणारे दृश्य एकच: काटा लाल रेघेवर आणि पाणी कमी. कार्याला कारण समजण्याची चूक येथेच होते, आणि ती महाग पडते.

हा गुंता सोडविण्यास हत्यार लागत नाही. वही आणि पेन्सिल पुरे. रोज सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी एकाच सपाट जागी उभी करून पाण्याची पातळी पाहावी आणि टिपून ठेवावी. आदल्या दिवशी गाडी कोठे गेली, काटा कोठपर्यंत चढला, हेही लिहावे. काटा मध्यावर स्थिर राहिलेल्या दिवसांनंतरही पातळी उतरत असेल, तर आधी गळती आहे आणि ताप हा तिचा परिणाम. उलट, पातळी कायम असूनही काटा चढत असेल, तर पाणी जागेवर आहे, पण ते उष्णता वाहून नेत नाही.

हा दुसरा प्रकार असेल, तर गाडी केव्हा तापते हे पाहावे. बाजारपेठेच्या गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर संशय पंख्यावर. पंख्याची मोटर, तिचा फ्यूज, तिची रिले यांपैकी काही तरी गेले असावे. गर्दीत ठीक, पण महामार्गावर वेगात किंवा चढावर तापते, तर वारा भरपूर असूनही उष्णता निघत नाही. संशय रेडिएटरच्या चोंदलेल्या नळ्यांवर किंवा पंपाच्या झिजलेल्या पात्यावर. सुरू केल्यापासून काही मिनिटांतच काटा चढतो आणि खालचा पाइप मात्र गारच राहतो, तर दरवानाने दार उघडलेले नाही, थर्मोस्टॅट अडकला. एक खूण विशेष लक्षात ठेवावी. काटा वर आहे, पण गाडीतला हीटर लावला तर गार वारा येतो, म्हणजे पाणी फारच कमी आहे किंवा फिरणेच थांबले आहे. याहून फसवी स्थिती म्हणजे पाणी पुरते संपल्यावर तापमापक कोरडा पडतो आणि काटा कधी कधी खाली येतो. ड्रायव्हरला वाटते, निवली. ती निवलेली नसते.

तीन वाटा

पाणीच जात असेल, तर त्याला जाण्यास तीनच वाटा आहेत: बाहेर, आत, आणि वर. चौथी वाट नाही. ही गोष्ट मनात पक्की असली की शोध सोपा होतो.

बाहेरची गळती सर्वांत सामान्य. रबरी पाइप चिरतात, त्यांच्या क्लिपा सैल होतात, रेडिएटरच्या नळीला बारीक भोक पडते, इंजिनच्या अंगावरील पत्र्याची गोल बुचे गंजतात. पंपाच्या खाली मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेले असते. आतले सील खराब झाले की तेथून थेंब पडू लागतात. ते भोक बुजवावयाचे नसते, तो पंपाचा निरोप असतो. मात्र गाडीखाली पाणी दिसले म्हणजे गळतीच, असे नाही. एअरकंडिशनर लावला असता स्वच्छ, बिनरंगी पाणी ठिबकते. ते हवेतील बाष्पाचे असते. कूलंटला हिरवा, गुलाबी किंवा तसलाच ठळक रंग मुद्दाम दिलेला असतो आणि बोटांना तो किंचित चिकट लागतो. उलटपक्षी, खाली काहीच दिसत नाही म्हणून गळती नाही, असेही नाही. तापलेल्या भागावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. तो मागे सोडतो फक्त पांढुरका किंवा रंगीत डाग. बंबाच्या तोटीखाली क्षारांची जशी रेघ उमटते, तशीच ही रेघ. इंजिन थंड असताना झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावरील आकड्याइतका दाब भरतात आणि पंधरा मिनिटे काटा पाहतात. काटा उतरला तर बॅटरी घेऊन पाइपांवरून नजर फिरवावी, गळती सापडतेच.

आतली वाट अधिक गंभीर. हेड आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये गॅस्केटचा पातळ थर असतो. एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसऱ्या बाजूला ऑइल. या तिघांना वेगळे ठेवण्याचे काम तो करतो. तो उडाला की पाणी सिलिंडरमध्ये जाऊन जळते, नाही तर ऑइलमध्ये मिसळते. मग सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ येते. ऑइल ताकासारखे पांढुरके होते किंवा त्याच्या झाकणाला लोण्यासारखा साका धरतो. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जाते तेथला प्लग इतरांपेक्षा लख्ख दिसतो, कारण वाफेने तो रोज धुतला जातो.

न्यायशास्त्रातील धूर आणि अग्नी यांचा प्रसिद्ध दृष्टान्त येथे आठवतो. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान खरे; पण धुके पाहून धूर मानला तर तो हेत्वाभास. महाबळेश्वरच्या थंडीत पहाटे सुरू केलेल्या कोणत्याही गाडीतून पांढरी वाफ निघते. ती सायलेन्सरमध्ये साठलेल्या ओलाव्याची असते आणि पाच-दहा मिनिटांत थांबते. तेवढ्यावरून गॅस्केट गेले असे ठरवून हेड उतरविणारा मेकॅनिक धुक्याला धूर समजत असतो. इंजिन पुरते तापल्यावरही वाफ थांबत नसेल आणि पातळीही उतरत असेल, तरच तो धूर.

तिसरी वाट वरची, म्हणजे झाकणातून. येथे झाकण दोषी असेल, किंवा झाकण चांगले असून आतला दाबच त्याला पेलवेनासा झाला असेल. हा दुसरा प्रकार ओळखणे सर्वांत अवघड, आणि त्याचेच एक उदाहरण मी जवळून पाहिले.

एका गाडीची हकिकत

माझे मामा सांगलीस असतात. त्यांची एक भाड्याची गाडी आहे. सातारा, कराड या बाजूंनी मिरजेच्या दवाखान्यांत रुग्ण पोहोचविणे हे तिचे बाराही महिन्यांचे काम आणि सुट्ट्यांत पाचगणी-महाबळेश्वरचे प्रवासी हे हंगामी काम. ही गाडी पाणी खाऊ लागली. कधी अर्धा लिटर, कधी त्याहून अधिक. खाली थेंब नाही. एका ठिकाणी झाकण बदलले, दुसऱ्या ठिकाणी थर्मोस्टॅट, तिसऱ्या ठिकाणी अख्खा रेडिएटर. प्रत्येक भाग नवा बसला आणि पाणी जातच राहिले. पैसे गेले ते गेलेच. पण मामांनी रात्रीच्या फेऱ्या घेणे बंद केले. मध्यरात्री रुग्णाला घेऊन कराड-पेठच्या दरम्यान गाडी उकळली तर काय करावयाचे, या भीतीने त्यांनी दोनदा ओळखीच्या लोकांनाच नकार दिला. छोट्याशा गळतीचे मोल असे असते.

पुढे एका वयस्क मेकॅनिकने गाडीला हात न लावता तीन आठवडे वही ठेवावयास सांगितले. मी सुट्टीत तेथे होतो, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. तीन आठवड्यांनी वही बोलू लागली. पहिली गोष्ट: काटा कधीही मध्याच्या वर गेलेला नव्हता, तरी पातळी उतरत होती. म्हणजे गळती आधी. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर हे उष्णता निवविणारे भाग बदलण्याचे कारणच नव्हते. दुसरी गोष्ट अधिक बोलकी होती. सातारा-सांगली हा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा, बव्हंशी सपाट प्रवास केलेल्या दिवसांनंतर पातळी जशीच्या तशी. पसरणी घाट चढलेल्या प्रत्येक दिवसानंतर ती उतरलेली. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, कूलंट तेच, उन्हाळाही तोच. फरक फक्त चढाचा. मिलच्या ग्रंथात, म्हणजे १८४३ सालच्या 'सिस्टिम ऑफ लॉजिक'मध्ये, जिला व्यतिरेक पद्धती म्हणतात, ती हीच. आणि निदान होण्यापूर्वीच वहीने मामांना एक दिलासा दिला: मिरजेच्या सपाट फेऱ्या तूर्त निर्धास्तपणे घेता येतील.

चढावर वेगळे काय होते? इंजिनवर भार येतो आणि सिलिंडरमधला दाब वाढतो. तो अनेक दहा बारांच्या घरात असतो. झाकण धरते फक्त एक बारच्या आसपास. गॅस्केटला केसाएवढी फट असेल, तर सपाटीवर ती मिटलेली राहते आणि चढावर जळका वायू तिच्यातून पाण्यात घुसतो. तो वायू पाण्याला वर ढकलतो, झाकण उचलले जाते आणि पाणी बाटलीत, तेथून बाहेर जाते. म्हणजे पाणी गेले वरच्या वाटेने, पण चोर आत शिरला होता. ही शंका बळकट करणारी खूणही मिळाली. घाट करून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार पडलेले असतानाही वरचा पाइप दाबला तर कडक लागत असे. निरोगी गाडीत थंड झाल्यावर दाब उरत नाही. पाणी निवले, तरी आत शिरलेला वायू तसाच राहिला होता.

शेवटची कसोटी रसायनाची. एका काचेच्या नळीत निळे द्रव असते. ती रेडिएटरच्या तोंडाला लावून आतली हवा त्या द्रवातून ओढतात. हवेत जळका वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड असेल, तर निळे द्रव पिवळे होते. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, हे आपण कुंकवावरून जाणतो. आम्ल आणि अल्कली यांनी रंग बदलण्याचा हा त्याच जातीचा प्रकार. सांगलीत गाडी उभी ठेवून पाहिले, द्रव निळेच राहिले. मग मेकॅनिक नळी घेऊन गाडीत बसला. वाईहून पसरणी घाट चढून वर आल्यावर इंजिन पुरते निवू दिले, झाकण काढले, इंजिन सुरू करून नळी लावली. काही मिनिटांतच द्रव पिवळे झाले.

हेड उतरविले तेव्हा दुसऱ्या सिलिंडरजवळ गॅस्केटवर काळी रेघ दिसली. हेडवर पोलादी पट्टी ठेवून बैठक तपासली, ती किंचित वाकली होती. ग्राइंडिंग करून सपाट केली. नवे गॅस्केट घातले आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने, मापाच्या पान्याने आवळले. त्यानंतर वही आणखी महिनाभर चालू ठेवली. पातळी उतरली नाही. हा महिनाही महत्त्वाचा होता. कारण उपाय लागू पडला, हे मोजल्याशिवाय सिद्ध होत नाही.

हळद आणि इतर उपाय

आपल्याकडे काही घरगुती उपाय प्रचलित आहेत. रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकतात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते अर्थातच या गुणासाठी नव्हे! उपाय अगदीच खोटा नाही. पूड पाण्यात फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते. आडरानात गावापर्यंत पोहोचण्यास तेवढे पुरते. पण हळदीला भोक आणि नळी यांतला भेद कळत नाही. ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते, आणि आज गळणारी गाडी उद्या तापणारी होते. गावी पोहोचल्यावर रेडिएटर धुऊन दुरुस्त केलाच पाहिजे.

दुसरा उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढूनच टाकणे. दरवान गेला की वाट सदैव उघडी, हे खरे. पण मग इंजिन नीट तापतच नाही, इंधन जास्त जळते आणि ऑइलमध्ये गाळ धरतो. तिसरा म्हणजे मिळेल ते पाणी भरणे. जत, आटपाडी, माण, खटाव या कमी पावसाच्या भागांतील बोअरचे पाणी बहुधा जड असते. तांब्याच्या बंबात आतून जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. अडचणीच्या वेळी कोणतेही स्वच्छ पाणी चालेल, पण नंतर ते काढून कूलंट भरावे, आणि कूलंटमध्ये मिसळावयाचे पाणी क्षार काढलेले असावे. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नसली, तरी कूलंट गंज रोखते आणि उकळण्याचा बिंदू वर नेते, म्हणून ते हवेच. ते विषारी असते आणि चवीला गोड असते. काढलेले द्रव उघड्या पाटीत ठेवू नये. मुले आणि कुत्री त्याला बळी पडतात.

वाटेत गाडी तापली तर

काटा चढू लागताच एअरकंडिशनर बंद करावा आणि हीटर पूर्ण लावावा. उकाड्यात हीटर लावणे चमत्कारिक वाटेल, पण तो एक लहानसा रेडिएटरच आहे. थोडी उष्णता तो काढून घेतो. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनला रडवीत नेण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये न्यावे, म्हणजे पंप जोराने फिरतो. तरीही काटा उतरला नाही, तर सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि इंजिन बंद करावे. पाच किलोमीटर पुढे गॅरेज आहे म्हणून तशीच रेटलेली गाडी हेड वाकवून घेते, आणि शेवटी इंजिन जाम होते. तापलेल्या इंजिनवर बाहेरून गार पाणी ओतू नये. लोखंडाला तडा जातो. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, म्हणून त्याच्याजवळ हात नेऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे: झाकण उघडू नये. आत ११० अंशांचे पाणी केवळ दाबामुळे पाणी राहिलेले असते. झाकण सुटताच दाब जातो आणि ते उसळून उकळते. पाच लिटरांपैकी शंभर-सव्वाशे ग्रॅमचीच वाफ झाली, तरी तिला सुमारे दोनशे लिटर जागा लागते, म्हणजे तेलाच्या एका मोठ्या बॅरलएवढी. आणि ती वाफ उरलेले पाणी बरोबर घेऊन तोंडावर येते. कुकरची शिटी पडल्याशिवाय आपण झाकण काढत नाही, हा नियम घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. तोच येथे पाळावा. अर्धा-पाऊण तास थांबावे, वरचा पाइप दाबून तो मऊ पडला आहे याची खात्री करावी, मग जाड कापड घेऊन झाकण थोडेसे फिरवावे, उरलेला दाब निघून जाऊ द्यावा आणि नंतरच ते काढावे. ओतलेले पाणी किती लागले ते मोजावे आणि लिहून ठेवावे. कारण दुसऱ्या दिवशी ज्याच्याकडे गाडी जाईल, त्याला सर्वांत जास्त उपयोग त्या आकड्याचाच होणार असतो.